ईशान्य चतकोर

प्रांताच्या यादीत सस्कॅचेवान सापडलं, तिथवर ठीक.
पुढच्या चौकटीत विचारलंय, घर क्रमांक,
शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्यावाचून सुटका नाही.
आमच्या घराला क्रमांक नाही.
सत्तावन्न वर्षं मी पत्ता सांगत आले तो असा:
ईशान्य चतकोर, सेक्शन चौदा, टाउनशिप बावीस,
तिसऱ्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला.
कुणीतरी गवतावर पट्टी ठेवून रेघा मारल्या,
आमच्या वाट्याला चतकोर आला.
चौकट म्हणते, अवैध.

मग फोन. चाळीस मिनिटं पियानो.
पलीकडे एक मुलगा, नाव बहुधा जेरोम,
आवाजावरून त्याच्याकडे ऊन असावं.
जवळचा रस्ता कोणता, बाई?
रस्त्याला नाव नाही, खडी आहे.
मग काही खूण?
खूण होती, रुळांकडेचं लाल धान्यकोठार,
नव्याण्णव साली पाडलं.
ते जिथे दिसत नाही तिथे डावीकडे वळायचं.
बिचारा टाइप करत राहिला.
नकाशात तुम्ही तळ्यात आहात, म्हणाला.
बर्फ वितळतं तेव्हा असतो कधीकधी, मी म्हटलं.

शेवटी त्याला चर्च सापडलं.
आमच्या फाट्यावरचं, कांद्यासारख्या घुमटाचं.
त्याला क्रमांक आहे, आगीच्या बंबासाठी दिलेला.
अभिनंदन, तिथे उपलब्ध आहे,
शंभर मेगाबिट!
अकरा वर्षं कुलूप आहे तिथे. किल्ली माझ्याकडे,
पिठाच्या डब्यात.
मागच्या अंगणात ओरेस्ट, त्याची आई, त्याचे दोघे काका,
सगळी ह्रिनचुक मंडळी,
शंभर मेगाबिट.
मी हसले. का, ते जेरोमने विचारलं नाही.

मला कशाला हवंय म्हणाल तर मला नकोच आहे.
हवामान रेडिओ सांगतो,
कॅनोलाचा भाव हाल्वरसन सांगतो, दर खेपेला वाढवून,
आणि कोण गेलं ते पोस्टातली डोरीन.
पण तालिया म्हणाली, आई, नेट असेल
तर आख्खा जुलै राहू.
तिचं ऑफिस म्हणे पिशवीत मावतं.
नसेल तर तीन दिवस.
तीन दिवस नात नुसती दारामागून बघते,
चौथ्या दिवशी मांडीवर येते.

मंगळवारी माणूस आला. लान्डन.
कानात बाळी, बूट कोरे.
पत्र्याच्या कणगीवर शिडीने चढला
आणि हातातलं यंत्र आभाळाला दाखवत राहिला,
अंडं उजेडापुढे धरून बघावं तसा.
टॉवर आहे! वरून ओरडला, अठरा किलोमीटरवर!
पण तुमची झाडं मध्ये येतात.

नऊ स्प्रूस.
वारा अडवायला चौऱ्याहत्तर साली लावलेली.
दोन कोरडे उन्हाळे ओरेस्टने
ट्रॅक्टरमागे पिंप बांधून त्यांना पाणी घातलं.
माझ्याशी बोलला नसेल इतकं त्यांच्याशी बोलला.
सगळी नको, लान्डन म्हणाला, मधली तीन.
कागदावर लिहिलं, उपलब्ध,
आणि खाली बारीक अक्षरात, अटींसह.
कॉफी प्यायला, खसखशीचा रोल दोनदा घेतला, गेला.

संध्याकाळी कोट चढवून मी झाडांपाशी गेले.
कुऱ्हाड वगैरे काही नाही, खिशात फक्त चष्मा.
इतक्या वर्षांत त्यांच्या पलीकडे काय आहे
हे बघायची वेळच आली नव्हती.
काळोख झाला. काही दिसेना.
मग पश्चिमेचा वारा आला,
ज्याच्यासाठी लावली होती तोच,
शेंडे जरा बाजूला कलले
आणि फटीतून एक लाल दिवा,
लांब, टाचणीच्या डोक्याएवढा.
पुन्हा मिटलं.
पुन्हा दिसला.
बोटं बधिर होईतो मी मोजत उभी:
वारा असला की आहे,
पडला की नाही.

तालियाला काय कळवू?